स्वर्गाच्या राज्यातील बारा बिछाने

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस, डेव्हन परगण्याच्या किनाऱ्यापासून सुमारे 19 किलोमीटर समुद्रात, पाच किलोमीटर लांब आणि जेमतेम एक किलोमीटर रुंद असे ग्रॅनाइटचे एक बेट आहे. त्याचे नाव लंडी. जुन्या नॉर्स दर्यावर्दींच्या भाषेत पफिन नामक रंगीत चोचीच्या, गोलमटोल समुद्रपक्ष्यास जो शब्द होता, त्यावरून हे नाव पडले असे मानतात. 1834 साली विल्यम हडसन हेवन नावाच्या गृहस्थाने हे बेट 9,400 गिनींस खरेदी केले, आणि ‘हेवन’ या इंग्रजी शब्दाचा अर्थच स्वर्ग असल्यामुळे लोक त्याच्या या मिळकतीस थट्टेने ‘स्वर्गाचे राज्य’ म्हणू लागले. हा स्वर्ग मात्र दुसऱ्यांच्या नरकावर उभा होता, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. हेवन घराण्याचे जमैकात मळे होते व त्या मळ्यांवर गुलाम राबत होते. 1833 च्या कायद्याने गुलामगिरी रद्द झाली तेव्हा ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंडांची जी नुकसानभरपाई मंजूर केली ती मालकांस, राबणाऱ्यांस नव्हे, आणि ती घेणाऱ्यांच्या यादीत हे गृहस्थही होते.

या हेवनसाहेबाने बेटाच्या पूर्व अंगास, पश्चिमेच्या वाऱ्यापासून आडोसा मिळेल अशा एका दरीच्या माथ्याशी, उन्हाळ्यात कुटुंबासह येऊन राहण्याकरिता एक प्रशस्त घर बांधले. तेच आजचे मिलकोम हाउस. बेटाचा बाकीचा माथा गवत आणि झुडुपांचा, उघडा-वाघडा. या दरीत मात्र झाडी आहे, आणि खिडकीत उभे राहिले की झाडांच्या शेंड्यांवरून खाली समुद्र दिसतो. घराचे मूळ छप्पर बाहेर न उतरता आतल्या बाजूस उतरते केलेले होते, ते पावसाचे पाणी साठवता यावे म्हणून. म्हणजे आपण पागोळ्यांचे पाणी अंगणात सोडून देतो, तेच या मनुष्याने घराच्या मध्यावर जमा करण्याची युक्ती काढली. चहूकडे पाणी आणि पिण्यास दुष्काळ, ही बेटावरच्या माणसाची पहिली चिंता असते, हे तो पुरते ओळखून होता.

हेवन घराण्याने 1918 मध्ये बेट विकले, आणि 1925 मध्ये ते मार्टिन कोल्स हारमन याच्या हाती आले. हा मोठा विलक्षण असामी. आपण बेटाचे केवळ मालक नसून जवळजवळ अधिपती आहोत, अशी त्याची समजूत असावी. कारण 1929 साली त्याने बेटापुरती टपालतिकिटे छापली आणि एका बाजूस स्वतःचा मुखवटा व दुसऱ्या बाजूस पफिन अशी नाणीही पाडली. तिकिटे सरकारने चालवून घेतली, नाणी मात्र नाहीत. टांकसाळ हा राजाचा अधिकार असल्याने त्याच्यावर खटला झाला आणि पाच पौंड दंड बसला. तिकिटे आजही निघतात. याच हारमनचा मुलगा जॉन 1944 च्या एप्रिलमध्ये कोहिमाच्या लढाईत धारातीर्थी पडला, त्यास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि त्याची समाधी आपल्याच देशात, नागालँडच्या त्या टेकडीवर आहे. बेटावरील एका जुन्या दगडखाणीत त्याचे स्मारक आहे.

हारमनच्या पुढच्या पिढीला बेट राखणे झेपले नाही, आणि 1969 मध्ये ते विक्रीस निघाले. जॅक हेवर्ड नावाच्या दानशूर गृहस्थाने दीड लाख पौंड देऊ केले, त्यातून नॅशनल ट्रस्टने बेट घेतले आणि चालविण्यासाठी लँडमार्क ट्रस्टकडे भाडेपट्ट्याने सोपविले. ही दुसरी संस्था 1965 मध्ये जॉन स्मिथ व त्यांच्या पत्नी क्रिश्चन या दांपत्याने काढली, आणि तिची कल्पना इतकी साधी आहे की ती आधी कोणास सुचू नये याचे नवल वाटते: पडायला आलेली जुनी वास्तू घ्यावी, निगुतीने दुरुस्त करावी, आणि तिकीट लावून लोकांस दोरीपलीकडून दाखविण्याऐवजी चार दिवस तिच्यात संसार थाटू द्यावा, म्हणजे भाड्याच्या पैशात तिची निगा निघते आणि चुलीचा धूर चालू राहतो. लंडीवरील जुना दीपस्तंभसुद्धा असा भाड्याने मिळतो. 1819 साली तो इतक्या उंचावर बांधला गेला की धुक्यात खलाशांस दिवाच दिसेना, आणि 1897 मध्ये बेटाच्या दोन टोकांस दोन नवे दिवे उभारावे लागले. ज्या उंचीने त्याचे काम बिघडविले त्याच उंचीसाठी आता पाहुणे पैसे मोजतात.

मिलकोम हाउसही असेच भाड्याने मिळते. त्यात बारा जणांची सोय आहे, आणि येथेच कुटुंबाच्या सहलीचे खरे गणित आहे. भाडे माणशी नसून सबंध घराचे असते. तेव्हा दोघांनी घेतले तर चैन, आणि आजी-आजोबा, दोन भावांचे संसार, आते-मामेभावंडे अशी बारा डोकी जमली तर ते आटोक्यात येते. स्वयंपाक आपला आपण करावयाचा. घरात टीव्ही नाही, हा संस्थेचा सर्वत्र पाळलेला दंडक. त्याऐवजी निवडक पुस्तकांचे कपाट आणि एक वही असते, जीत प्रत्येक मुक्कामाचे लोक पुढच्यांसाठी चार ओळी लिहून जातात. रात्री उशिरा जनित्र बंद करण्याची बेटावर रीत आहे, आणि मग विजेऱ्या हाती घेऊन जिना चढताना थोरामोठ्यांचीही लहान मुले होतात. दिवसा कड्यांवर पक्षी पाहावे. जहाजांतून आलेले उंदीर त्यांची अंडी फस्त करीत असल्याने 2001 च्या गणतीत अवघे 13 पफिन उरले होते. 2002 पासून उंदरांच्या निर्मूलनाची मोहीम झाली, आणि आता पफिन हजाराच्या वर गेले आहेत.

हे वाचताना कोकणातल्या माणसास आपले घर आठवल्यावाचून राहत नाही. माडांच्या आगरातली ओटी, पडवी, माजघर, सातबाऱ्यावर चौदा वारसांची नावे, वाटणीचा दावा दिवाणी कोर्टात, आणि किल्ली शेजाऱ्याकडे. गणपतीचे पाच दिवस घर जागे होते आणि उरलेले वर्ष वाळवी त्याचा उपभोग घेते. सामाईक वहिवाटीने घर पडते हे आपण नित्य पाहतो. मिलकोममध्ये तर एकमेकांस न ओळखणारी शेकडो कुटुंबे पाळीपाळीने वहिवाट करतात आणि घर उभे राहते. फरक भिंतींच्या मजबुतीचा नाही. तेथे दुरुस्तीचा पैसा कोणी काढायचा, हा प्रश्न भावकीकडे सोपविलेला नाही, एवढाच आहे.

जाणाऱ्यासाठी एक सूचना. उन्हाळ्याच्या मोसमात बिडफर्ड किंवा इल्फ्राकूम येथून बोट निघते आणि सुमारे दोन तासांत पोहोचते. हिवाळ्यात हेलिकॉप्टर असते. उतरण्याची जागा पूर्वेस आहे. पश्चिमेच्या वाऱ्यात ती सुरक्षित असते, पण पूर्वेचा वारा सुटला की बोट लागणे कठीण होते, आणि अशा वेळी बारा जणांचे ‘उद्या परत येतो’ हे आश्वासन वाऱ्याच्या मर्जीवर राहते. म्हणून रजेचा अर्ज करतानाच दोन दिवस अधिक मागून ठेवावेत.