यष्टीमागची शाळा

यष्टिरक्षक हा क्रिकेटमधील उपेक्षित श्रमिक. त्याची चूक साऱ्यांना दिसते, कष्ट दिसत नाहीत. परंतु गोलंदाजाचा हात, फलंदाजाचे पाय आणि क्षेत्ररचना एकाच वेळी न्याहाळणारा तोच. चंद्रकांत पंडित यांची कारकीर्द याची साक्ष देते. १९८६ ते १९९२ या काळात त्यांच्या वाट्याला अवघे ५ कसोटी सामने आले. १९९९ च्या रणजी अंतिम सामन्यात ते मध्य प्रदेशाचे कर्णधार होते. पहिल्या डावाची आघाडी असूनही बंगळूरच्या मैदानावर कर्नाटकाने विजय हिरावला. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला आणि २०१८ व २०१९ मध्ये विदर्भाला विजेतेपद मिळवून दिले. २०२२ मध्ये बंगळूरच्या त्याच मैदानावर मुंबईला नमवून मध्य प्रदेशाने करंडक उचलला, तोही पंडितांच्याच मार्गदर्शनाखाली.

शिक्षकाची योग्यता त्याच्या पदकांवरून मोजणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. जुन्नर-आंबेगावच्या एखाद्या शाळेतील क्रीडाशिक्षकाला स्वतः शिखर गाठता आले नसेल. पण वाट कोठे निसरडी आहे, हे त्याला ठाऊक असते. अपयश हेही भांडवलच. मनात कुलूपबंद ठेवले तर ते गंजते. विद्यार्थ्यांत गुंतविले तर व्याजासह परत येते.