तयार झाले म्हणजे!

पाडव्याच्या आधी पंचांग घरात यावयास हवे, हे आम्हा सोलापूरकरांना कुणी सांगावयास नको. शंभर वर्षांहून अधिक काळ दाते पंचांग आमच्याच गावातून निघत आले आहे. पाडवा कुणाचे गणित पुरे होईपर्यंत थांबत नाही. आणि तिथी चुकलेले पंचांग वेळेवर मिळाले तरी त्याचे करावयाचे काय?

म्हणूनच 'डेबियन'वाल्यांचा कलह मला जवळचा वाटतो. डेबियन ही संगणक चालविणारी प्रणाली. तिची मूळ संहिता सर्वांना खुली, आणि रचणारे बहुतेक बिनपगारी स्वयंसेवक. १९९३ साली इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने तिचा पाया घातला. पुढची आवृत्ती केव्हा, असे विचारले की मंडळींचे उत्तर ठरलेले: "तयार झाली म्हणजे!" या बाण्यापायी जुलै २००२ नंतरची आवृत्ती निघावयास जून २००५ उजाडला. इकडे डेबियनच्याच पायावर उभे राहिलेले 'उबुंटू' २००४ पासून दर सहा महिन्यांनी आगगाडीसारखे सुटू लागले. (आगगाड्या वेळेवर सुटतात असे घटकाभर धरून चालू!)

२००६ साली काहींनी तोड काढली. 'डंक-टँक' नावाने वर्गणी जमवावी, प्रकाशनाचा भार वाहणाऱ्या दोघांना एकेक महिना पगारी बसवावे, की डिसेंबरात काम फत्ते! झाले, ठिणगी पडली. गणेशोत्सवाच्या मंडळात दोघांनाच पगार सुरू करून पाहा, म्हणजे काय झाले असेल ते कळेल. आम्ही फुकट राबायचे आणि पैसा त्यांनाच का, असे लोक विचारू लागले. डेबियनचे निवडून आलेले प्रमुख अँथनी टाउन्स स्वतःच या योजनेत होते. त्यांना दूर करण्याच्या ठरावावर मतदान झाले. ठराव पडला, पण मने दुखावली ती दुखावलीच. काहींनी हात आखडता घेतला. डिसेंबर हुकला, आणि आवृत्ती निघाली ८ एप्रिल २००७ रोजी.

पगार देण्यात पाप नव्हते, असे माझे मत. पण दोष निस्तरणारे हात शेकड्यांनी होते आणि पगारी माणसे दोन! अशाने तारीख विकत मिळावी कशी?

२००९ मध्ये वेगळी युक्ती निघाली: नवी भर घेणे अमुक तारखेला बंद. पहिलीच तारीख परस्पर जाहीर झाली, म्हणून पुन्हा गदारोळ, आणि ती पुढे ढकलावी लागली. युक्ती मात्र टिकली. आता कुलूप कधी लागणार ते आधी सांगतात. प्रकाशन मात्र मोठे दोष निघाल्यावरच. २०१३ पासून साधारण दर दोन वर्षांनी आवृत्ती येते. तेरावी ऑगस्ट २०२५ मध्ये आली.