काउंट्स कमी असताना

केमो घेऊन डे-केअरमधून घरी निघालेला माणूस बहुतेकदा बरा दिसतो. मळमळ असते, थकवा असतो, पण गाडीत बसून गप्पाही मारतो. खरे नाजूक दिवस पुढच्या आठवड्यात येतात. केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात आणि हाडांच्या पोकळीतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, रक्तपेशींचं उत्पादन अहोरात्र चालू असतं. जंतूंवर पहिल्यांदा तुटून पडणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी रक्तात जेमतेम दिवसभर टिकतात. नवा माल येईनासा झाला की साठा संपायला वेळ लागत नाही. बऱ्याच केमोंमध्ये ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान त्यांची संख्या तळाला जाते. निरोगी माणसात ती एका मायक्रोलिटरमागे साधारण १५०० ते ८००० असते. ५०० च्या खाली गेली की वॉर्डात ‘काउंट्स फार कमी आहेत’ असं म्हणतात आणि सिस्टरांची धावपळ वाढते. ही संख्या जितकी खाली आणि जितके दिवस खाली, तितका संसर्गाचा धोका जास्त, हे जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युकेमियाच्या रुग्णांमध्ये १९६६ साली दाखवून दिलं.

आता गंमत अशी (गंमत कसली म्हणा), की संसर्ग ओळखायच्या आपल्या नेहमीच्या खुणा याच पेशींवर अवलंबून असतात. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिलांचा साका. त्याच नसतील तर जखमेत पू धरत नाही आणि लालीही धड येत नाही. न्यूमोनिया असूनही छातीचा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. पुढे काउंट्स वर येऊ लागले की कधी कधी तोच एक्स-रे आधीपेक्षा वाईट दिसतो, कारण आता पेशी तिथं पोचून लढू लागलेल्या असतात. म्हणून काउंट्स कमी असताना भरवशाची खूण जवळपास एकच उरते, ती म्हणजे ताप. १०१ फॅरनहाइट एकदा, किंवा १००.४ तासभर, एवढं पुरे. रिपोर्टची वाट न पाहता तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायचं असतं. ‘अंग जरा गरम लागतंय’ म्हणून आधी पॅरासिटामॉल देणारे प्रेमळ नातेवाईक मला या बाबतीत फार धोक्याचे वाटतात. त्या गोळीनं ती एकुलती खूणही झाकली जाते.

जंतू येतात कुठून? दाखल होताना नसलेला आणि ४८ तासांनंतर उघड झालेला संसर्ग रुग्णालयात लागलेला मानतात. पण बाहेरून आलेला जंतू थेट रक्तात उडी मारतोच असं नाही. बऱ्याचदा तो आधी पाहुणा होतो. क्लेब्सिएला, सुडोमोनास, असिनेटोबॅक्टर ही मंडळी एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातात ती मुख्यतः हातांवरून. हात डॉक्टरांचे असतील, मावशींचे असतील, नाहीतर पलंगाच्या कठड्याला धरून उभ्या राहिलेल्या पाहुण्यांचे. काही दिवसांत ते रुग्णाच्या आतड्यात वस्ती करतात, त्रास न देता. मग केमोनं तोंडापासून आतड्यापर्यंतचं अस्तर सोलवटतं आणि तिथूनच ते रक्तात शिरतात. त्यांतल्या काहींवर तर कार्बापेनेमसारखी भारी अँटिबायोटिकंही चालत नाहीत.

दुसरं दार आपणच उघडलेलं असतं: दंडातली पिक लाइन किंवा छातीतला पोर्ट. हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेली ही नळी नसती तर अनेकांची केमो अवघड झाली असती, तेव्हा तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. मात्र नळीच्या टोकाचं, सिरिंज जोडायचं बोंडूक नीट पाहायला हवं. औषध द्यायच्या आधी ते स्पिरिटच्या स्वॅबनं पंधराएक सेकंद घासून कोरडं होऊ द्यायचं असतं. घाईत तीन सेकंदांत उरकलं, तर तिथले जंतू औषधाबरोबरच आत ढकलले जातात. आत गेल्यावर ते नळीच्या भिंतीवर बुळबुळीत थर धरतात आणि त्या थराखाली त्यांना अँटिबायोटिक पुरेसं भिडत नाही. दोष नळीतच आहे का, हे ओळखायची युक्ती मला फार आवडते. एकाच वेळी एक रक्त नळीतून आणि एक दुसऱ्या हाताच्या शिरेतून घ्यायचं, आणि कल्चरच्या बाटल्या एकाच वेळी मशिनमध्ये ठेवायच्या. नळीतल्या रक्ताची बाटली दोन तास किंवा अधिक आधी पॉझिटिव्ह आली, तर बहुधा जंतूंचं घर तिथंच आहे. मग काही जंतूंच्या बाबतीत नळी काढण्यावाचून इलाज नसतो.

तिसरं दार हवेचं. अ‍ॅस्परजिलस बुरशीचे कण सगळीकडे असतात, पण शेजारी तोडफोड किंवा बांधकाम सुरू झालं की ते फार वाढतात. बोनमॅरो ट्रान्सप्लांटच्या खोलीत म्हणूनच हेपा फिल्टरची हवा आणि दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी वारा आतून बाहेर जातो.

हातांवरच्या जंतूंसाठी सॅनिटायझर बहुतेक ठिकाणी पुरतं. अपवाद क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल. अँटिबायोटिकांनंतर जुलाब करणाऱ्या या जंतूचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत, त्यामुळे तिथं साबण आणि वाहतं पाणीच हवं.

संसर्ग आटोक्यात आला तरी हिशेब तिथं मिटत नाही. पुढची केमो ठरल्या तारखेला देता येत नाही, पुढे ढकलावी लागते किंवा डोस कमी करावा लागतो, आणि तेवढी सवड गाठीला मिळते.