न थांबणारे रक्त

हिमोफिलियाचे नाव निघाले की राजघराण्यांच्या गोष्टी सुरू होतात. व्हिक्टोरिया राणीचा धाकटा मुलगा लिओपोल्ड १८८४ साली पडण्याचे निमित्त होऊन वारला. तिच्या नातीचा मुलगा, रशियाचा युवराज अलेक्सी, यालाही हाच रोग होता. पण म्हणून हा बड्यांचा आजार असे कोणी समजू नये. जन्मणाऱ्या सुमारे ५,००० मुलग्यांत एकाला तो असतो, मग घर वाड्यातले असो की चाळीतले.

जरा खरचटले की असा मुलगा रक्त वाहून मरतो, ही समजूतही आम्हांस खोडून काढावीशी वाटते. त्याचे रक्त इतरांहून जोराने वाहत नाही; ते थांबायला फार वेळ लागतो. आग लागली म्हणजे विहिरीपासून घरापर्यंत माणसे रांग धरून हातोहात घागरी पोहोचवतात. मधला एक गडी नसला की घागर तिथेच अडते. रक्त गोठण्याचे कामही असेच अनेक घटकांच्या हातोहात चालते. या रोगात बहुधा आठवा घटक, क्वचित नववा, कमी असतो किंवा नसतोच.

खरा घात होतो तो आत, सांध्यांत. मूल चालू-धावू लागते आणि एके दिवशी काही न लागता गुडघा सुजतो, गरम होतो. मग आजी तेल चोळते, शेजारी शेकायला सांगतात, कोणी हाडवैद्याकडे नेऊन पाय ओढवतो. हे सारे प्रेमापोटीच. पण त्याने आतला रक्तस्राव वाढतो. दंडात वा कुल्ल्यात सुई टोचणे आणि ॲस्पिरिन, हीही टाळावीत. पाय उंच ठेवून हलवू नये, फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावावा आणि उणा घटक शिरेतून लवकर मिळेल असे पाहावे. दिरंगाईने सांधा कायमचा आखडतो.

आता नाजूक गोष्ट. हा दोष आईकडून येतो असे कळताच सुनेच्या माहेराचा उद्धार होतो. वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला रोग होण्याचा संभव निम्मा; पण रोगी बापाची प्रत्येक मुलगी वाहक होते, हे कोणी बोलत नाही! शिवाय सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या घराण्यात पूर्वी कोणालाच हा रोग नसतो.

घराण्याचा शोध घ्यायचाच तर मुलाच्या मामाचा घ्यावा: दात काढल्यावर त्याचे रक्त दिवसभर थांबले नव्हते काय? तसे असेल, किंवा मुलाच्या अंगावर विनाकारण काळेनिळे डाग उठत असतील, तर डॉक्टरांना एपीटीटी ही रक्ततपासणी करायला सांगावे. तीत दोष दिसला तर आठव्या-नवव्या घटकांचे प्रमाण मोजतात, आणि रोगाचा उलगडा होतो.