किडनी बदलण्याआधी काविळीची लस कशासाठी?



मागच्या पालक सभेनंतर आमच्या टेंभुर्णीतल्या एक ताई थांबल्या. म्हणाल्या, "सर, आमच्या दीरांचं डायलिसिस चालू हाय. सासूबाई किडनी देणार हायेत. डॉक्टर म्हणतात आधी काविळीची लस पूर्ण करा. रोग किडनीचा अन् लस काविळीची, ह्याचा काय संबंध?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आज हाच धडा समजून घेऊ.

कावीळ एकच नसते

कावीळ हे लक्षण आहे. विषाणूंमुळे यकृताला सूज येते तिला हिपॅटायटिस म्हणतात. ए आणि ई हे प्रकार दूषित पाणी व अन्नातून पसरतात आणि बहुतेक वेळा आपोआप बरे होतात. म्हणूनच काविळीच्या माळेला आणि झाडपाल्याला श्रेय मिळतं! बी आणि सी मात्र रक्तातून पसरतात, वर्षानुवर्षे शरीरात राहू शकतात आणि पुढे यकृत कडक होणे किंवा कर्करोग इथपर्यंत नेतात. अमिताभ बच्चन यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे, की 1982 च्या 'कुली'च्या अपघातानंतर दिलेल्या रक्तातून त्यांना हिपॅटायटिस बी झाला आणि ते कळायला अनेक वर्षं गेली.

मग किडनीशी संबंध कुठे?

पहिलं कारण, डायलिसिसमध्ये रुग्णाचं रक्त आठवड्यातून दोन-तीनदा यंत्रातून फिरतं. रक्ताशी संबंध वाढला की धोका वाढला.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आपलं शरीर नव्या किडनीला परकं समजतं आणि तिच्यावर हल्ला करतं. तो थांबवायला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, तीही कायमची. एरवी धडधाकट मोठ्या माणसाला बी ची लागण झाली तर शंभरातले सुमारे 95 जण विषाणूला हुसकावून लावतात. पण राखणदारालाच झोपेची गोळी दिली असेल तर? विषाणू घर करून बसतो. पूर्वी होऊन गेलेला, दडून बसलेला विषाणूही पुन्हा डोकं वर काढू शकतो. म्हणून रुग्ण आणि दाता दोघांच्याही रक्ताची आधी तपासणी होते.

लस आधीच का?

लस म्हणजे शरीराला दिलेला धडा. औषधांनी सुस्तावलेलं शरीर तो धडा नीट शिकत नाही. परीक्षेआधी अभ्यास करायचा, पेपर हातात आल्यावर नाही, तसंच हे. डायलिसिसवरच्या रुग्णांतही लसीचा परिणाम कमी होतो, म्हणून त्यांना साधारणपणे दुप्पट मात्रा देतात. ती बहुधा 0, 1, 2 आणि 6 महिने अशी चार वेळा असते. नंतर रक्तात प्रतिपिंडं तपासतात. पातळी 10 किंवा जास्त आली तर "पास", नाहीतर पुन्हा डोस.

"लसीनंच कावीळ झाली तर?" ताईंची ही शंकाही होती. तसं होत नाही. बी च्या लसीत जिवंत विषाणू नसतो, फक्त त्याच्या आवरणातलं एक प्रथिन असतं. अशी भारतीय बनावटीची लस हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने 1997 मध्ये आणली. प्रत्यारोपणानंतर मात्र जिवंत विषाणूंच्या लसी टाळतात. ए ची लस दोन्ही प्रकारांत मिळते, त्यामुळे कोणतीही लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. सी वर तर अजून लसच नाही.

आपण काय करायचं?

रुग्णासोबत राहणाऱ्या घरच्यांनीही तपासणी करून लस घ्यावी. रुग्णाला झाडपाल्याचं औषध देऊ नये. दाढीचं ब्लेड, टूथब्रश वेगळे ठेवावेत. सोबत जेवल्याने किंवा हात धरल्याने बी पसरत नाही, तेव्हा माणसाला मात्र वेगळं ठेवू नका.

बाळांना बी ची लस जन्मानंतर 24 तासांत आणि पुढे 6, 10 व 14 आठवड्यांना पेंटाव्हॅलंटमधून सरकारी केंद्रात मोफत मिळते. जन्मावेळी लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांत ती कायमची राहते, म्हणून पहिल्या दिवसाचा डोस चुकवू नका. आपल्या वयाच्या बहुतेकांना लहानपणी ही लस मिळालेली नाही, हेही लक्षात असू द्या.

28 जुलै हा जागतिक हिपॅटायटिस दिन. त्या दिवशी मुलांना घरातली लसीकरण कार्डं बघून यायला सांगा. ताई निघताना म्हणाल्या, "म्हंजे सासूबाईंचीबी तपासणी झाली पायजे." धडा समजला होता!