एसीचा गॅस संपत नसतो!

मे महिन्यातली दुपार. इंदोऱ्यातील आमचे दोन खोल्यांचे घर, वर तापलेला स्लॅब. आई पलंगावर पडून होती आणि भिंतीवरचा एसी नुसताच घुरघुरत होता. आई म्हणाली, "हवा तर येऊन राहिली रे बाबू, पण थंडी कुठं आहे?" आम्ही मेकॅनिकला फोन केला. तो आला, हात लावून पाहिले आणि दोन मिनिटांत निदान सांगून मोकळा झाला, "गॅस संपला. भरावा लागेल."

हे वाक्य आम्ही पहिल्यांदा ऐकले ते २०२३ साली. तेव्हा २,८०० रुपये मोजले. २०२४ साली पुन्हा तेच वाक्य आणि ३,००० रुपये. २०२५च्या मे महिन्यात तिसऱ्यांदा तेच ऐकले, तेव्हा मात्र आमच्यातला कारकून जागा झाला. जन्मभर कचेरीत दुसऱ्यांच्या जमाखर्चाच्या वह्या तपासल्या, पण स्वतःच्या घरातला हा खर्च एकदाही तपासला नाही! दरवर्षी गॅस संपतो, तर तो जातो कुठे?

हा एसी आम्ही हौस म्हणून घेतलेला नाही. नागपूरचा उन्हाळा वाचकांना सांगायला नको. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते. आमची आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. एका उन्हाळ्यात भोवळ येऊन पडली, सलाईन लावावे लागले. "रात्री तरी खोली थंड ठेवा," असे डॉक्टरांनी बजावले. म्हणून २०२२ साली बारा हप्त्यांत दीड टनाचा एसी घेतला. आज आपल्या वस्त्यांत अनेक घरी असेच झाले आहे. कुणाकडे म्हातारे आईवडील, कुणाकडे बाळंतीण, कुणाकडे रात्रपाळी करून दिवसा झोपणारा माणूस. हप्ते फेडून यंत्र घरात येते, परंतु ते सांभाळायचे कसे, हे दुकानदार सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

साबणाच्या पाण्याचा पुरावा

तिसऱ्या वेळी आम्ही मेकॅनिकला परत पाठवले. आमच्याच वस्तीतील एका तरुणाने आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे, त्याला बोलावले. तो हसून म्हणाला, "काका, गॅस म्हणजे काही पेट्रोल नाही जळून जायला. नळी बंद आहे. त्यातला गॅस फिरत राहतो, संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे."

त्याने वाटीभर पाण्यात साबणाचा फेस केला आणि बाहेरच्या युनिटजवळ तांब्याची नळी जिथे नटाने जोडली होती, तिथे ब्रशने लावला. पाहता पाहता बारीक बुडबुडे फुगू लागले. दोन वर्षांत जे ५,८०० रुपये आम्ही मोजले, ते या एका ढिल्या जोडातून हवेत गेले होते. त्याने नळीचे तोंड कापून नवे केले, नट नीट आवळला, गळती पुन्हा तपासली, पंप लावून नळीतली हवा व ओल काढून टाकली आणि मग गॅस वजन करून भरला. त्यानंतर आमच्या घरी गॅस भरावा लागलेला नाही.

यंत्र थंडी करत नाही, उष्णता वाहून नेते

त्या दिवशी त्या मुलाने आम्हांला सगळे यंत्र समजावून सांगितले. एसी थंडी तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. आतल्या युनिटमध्ये गार नळ्यांची जाळीदार गुंडाळी असते, तिला कॉईल म्हणतात. पंखा खोलीतली हवा तिच्यावरून फिरवतो. हवेची उष्णता नळीतल्या गॅसमध्ये जाते. कॉम्प्रेसर तो गॅस दाबून बाहेरच्या कॉईलकडे पाठवतो आणि तिथे दुसरा पंखा ती उष्णता बाहेरच्या हवेत सोडतो. गॅस पुन्हा आत येतो. रिकामी गोणी घेऊन परत येणाऱ्या हमालासारखे त्याचे काम आहे.

हे यंत्र मुळात माणसांच्या सुखासाठी निघाले नव्हते. १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसत नसत. तेव्हा विलिस कॅरियर या तरुण इंजिनियरने हवेतली ओल काढण्यासाठी ही योजना आखली. म्हणजे थंड करणे आणि हवेतले पाणी काढणे, ही दोन्ही कामे एसी करतो. हे लक्षात ठेवले की पुढची देखभाल सोपी होते.

जाळी धुणे हे पहिले काम

आतल्या युनिटचे झाकण वर केले की प्लॅस्टिकच्या बारीक जाळ्या दिसतात, त्यांना फिल्टर म्हणतात. नागपूरच्या धुळीत पंधरा दिवसांत त्यांच्यावर गोधडीसारखा थर बसतो. हवा अडली की कॉईलला उष्णता मिळत नाही, ती गोठू लागते, तिच्यावर बर्फ धरतो आणि खोली मात्र गरमच राहते. गॅस कमी असला तरी नळीवर बर्फ दिसू शकतो. लक्षण सारखे, पण एकाला खर्च शून्य आणि दुसऱ्याला हजारो रुपये. म्हणून मेकॅनिकला बोलावण्याआधी जाळी धुवावी, बर्फ असेल तर एसी बंद ठेवून तो पूर्ण वितळू द्यावा आणि मग पुन्हा चालवून पाहावे. निम्म्या तक्रारी इथेच मिटल्या तरी नवल नाही.

धुण्याची रीत अशी. आधी एसीचा मुख्य स्विच बंद करावा, केवळ रिमोटने बंद करणे पुरेसे नाही. जाळ्या अलगद काढून नळाखाली धराव्यात आणि जिकडून धूळ बसली त्याच्या उलट बाजूने पाणी सोडावे. गरम पाणी किंवा कडक घासणी वापरू नये. सावलीत पूर्ण वाळवून मगच बसवाव्यात. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी, आणि घर रस्त्यालगत असेल तर दर आठवड्याला हे करावे. आमच्याकडे कॅलेंडरवर १ आणि १५ तारखेला खूण केलेली असते आणि हे काम आमच्या मुलीकडे आहे. चोंदलेल्या जाळीच्या जागी स्वच्छ जाळी आली की एसीची वीज ५ ते १५ टक्के वाचू शकते, असे अमेरिकेचा ऊर्जा विभाग सांगतो.

पाणी आणि बाहेरचे युनिट

कॉईलवर हवेतली ओल जमते आणि पाण्याच्या नळीतून बाहेर जाते. मे महिन्यात आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की पाणी फारसे पडत नाही. तो बिघाड नव्हे. परंतु जूनमध्ये पाऊस सुरू झाला की धार लागते आणि नळीत धूळ वा शेवाळ अडकले असेल तर पाणी भिंतीवरून घरात येते. म्हणून पावसाआधी नळी साफ करून घ्यावी. नळीला सतत उतार हवा आणि तिचे तोंड बादलीतल्या पाण्यात बुडालेले नसावे.

येथे एक चूक आवर्जून सांगतो. पुष्कळ घरी कूलर आणि एसी एकाच खोलीत एकाच वेळी चालवतात. कूलर हवेत ओल सोडतो आणि एसी तीच ओल काढत बसतो, बिल मात्र दोघांचे येते. कोरड्या उन्हाळ्यात खिडकी उघडी ठेवून कूलर लावावा. पावसाळ्यातल्या दमट हवेत कूलर निकामी होतो, तेव्हा दारेखिडक्या बंद करून एसी लावावा. एसीबरोबर छताचा पंखा मात्र हळू चालवायला हरकत नाही.

बाहेरच्या युनिटला मोकळी हवा लागते. चोरीच्या भीतीने त्याला पत्र्याच्या पेटीत कोंडू नये, त्यावर गोधड्या वाळत घालू नयेत. सावली असल्यास उत्तम. त्याची कॉईल उन्हाळ्याआधी, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, वर्षातून एकदा साफ करून घ्यावी.

यात एका माणसाच्या जिवाचाही प्रश्न आहे. बाहेरचे युनिट तिसऱ्या मजल्यावरच्या भिंतीला टांगलेले असते आणि एखादा पोरगा नुसत्या छज्जावर पाय देऊन, दोरी न बांधता काम करतो. ही मुले आपल्याच घरातली आहेत. युनिट शक्यतो गच्चीवर किंवा बाल्कनीत, हात पोहोचेल असे बसवून घ्या. तसे नसेल तर सुरक्षा पट्टा बांधल्याशिवाय कुणालाही बाहेर उतरू देऊ नका. आपले दोनशे रुपये वाचवायला कुणाचा मुलगा पणाला लावू नये.

विजेचा हिशेब

एसीला स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि चांगले अर्थिंग हवे. टीव्ही-पंख्याच्या बोर्डातून वायर ओढून एसी चालवणे म्हणजे आगीला निमंत्रण. प्लग हाताला गरम लागला किंवा जळका वास आला, तर त्याच क्षणी बंद करावा. वीज गेली आणि लगेच आली, तर तीन मिनिटे थांबून एसी सुरू करावा. नळीतला दाब समान होण्याआधी कॉम्प्रेसर ओढला गेला तर त्याच्यावर ताण येतो.

रिमोट १८ अंशांवर ठेवल्याने खोली लवकर थंड होते, हा समज चुकीचा आहे. साधा एसी तेवढ्याच वेगाने थंड करतो, फक्त थांबायचे नाव घेत नाही. तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे सांगणे आहे. म्हणूनच १ जानेवारी २०२०पासून नवे एसी कारखान्यातून २४ अंशांवर लावूनच येतात. आमच्या घरी २६ अंश आणि छताचा पंखा, एवढ्यावर आईला शांत झोप लागते.

आता बिल. एसीवर ताऱ्यांचे लेबल असते. त्यावर वर्षाची युनिटे लिहिलेली असतात आणि ती वर्षाला १,६०० तास धरून काढलेली असतात. समजा लेबलवर ८०० युनिटे आहेत. म्हणजे तासाला अर्धे युनिट, रात्रीचे आठ तास म्हणजे ४ युनिटे, महिन्याला १२०. आपल्या मे महिन्यात याहून जास्त लागणार, हे धरून चालावे. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटांचे टप्पे आहेत. टप्पा ओलांडला की वरच्या युनिटांचा दर चढतो, म्हणून वाचवलेली युनिटे ही नेहमी सर्वांत महाग युनिटे असतात. गच्चीला पांढरा चुना, पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा आणि दाराखालच्या फटीला कापड, एवढ्याने एसीचे ओझे हलके होते.

मेकॅनिकला काय विचारावे?

"गॅस संपला" असे कुणी म्हटले की पैसे काढण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. गळती कुठे आहे, ती साबणाच्या पाण्याने दाखवा. दाब तपासायला नायट्रोजन वापरणार का? ऑक्सिजन कदापि चालत नाही, तेलाशी मिळून स्फोट होतो. भरण्याआधी पंपाने नळी रिकामी करणार का? आणि गॅस वजन करून भरणार का? किती ग्रॅम आणि कोणता गॅस, हे बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर छापलेले असते. आर-२२च्या यंत्रात आर-३२ भरता येत नाही. आर-३२ आणि आर-२९० हे पेट घेणारे गॅस आहेत, म्हणून काम चालू असताना जवळ विडीकाडी नको. काम झाल्यावर पावती घ्या आणि तीवर भरलेले वजन लिहून घ्या.

घरच्या घरी एक परीक्षा करता येते. एसी पंधरा-वीस मिनिटे पूर्ण जोराने चालू द्या. मग साध्या तापमापकाने आत शिरणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान पाहा. दोहोंत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर यंत्र ठीक समजावे.

जाळी धुणारा आणि गळती विचारणारा माणूस मेकॅनिकचा शत्रू नव्हे. आमच्या त्या तरुणाने गळती काढायचे, जोड नवा करायचे आणि गॅस भरायचे जे पैसे सांगितले, ते आम्ही घासाघीस न करता दिले, कारण प्रत्येक रुपयाचे काम डोळ्यांसमोर झाले होते. खऱ्या कारागिराला त्याचा मोबदला मिळावा आणि घामाचा पैसा बुडबुड्यांतून उडून जाऊ नये, यासाठी आपणच आपले यंत्र ओळखायला हवे. येत्या १ तारखेला झाकण उघडा आणि जाळी पाहा. आमची आई आता विचारते, "जाळी धुतली का रे?" तेवढे आठवणीत राहिले तरी पुरे.