एपिसोडचा लिखित भाग : कॉलेजमध्ये पाहुणे बोलवून मीडिया वर्कशॉप घ्यायचाय? आधी एसटीची वेळ विचारा

कानात हेडफोन घालून लोकलमध्ये लटकत ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि ऑफिसात मीटिंग चालू असताना हे गुपचूप वाचणाऱ्यांना तर डबल नमस्कार.

आजचा विषय तुमच्यातल्याच एका श्रोत्याने सुचवला. त्यांच्या कॉलेजचा मीडिया क्लब आसपासच्या ज्युनिअर कॉलेजच्या मुलामुलींना एक दिवस बोलवणार आहे. ऑडिओ, व्हिडिओ, बातमी, फॅक्ट चेक, सगळं शिकवायचं, आणि शिकवणारेही विद्यार्थीच. हे कसं करायचं? मी दिवसभर कोड लिहितो, पण हे काम दोनदा केलंय. एकदा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना, आणि एकदा मागच्या जानेवारीत, जेव्हा त्याच क्लबच्या ज्युनिअर्सनी "दादा, याल का मदतीला?" म्हणून फोन केला. पहिल्यांदा जे बिघडलं त्याबद्दलही सांगणार आहे, पण जरा नंतर.

तारीख आम्ही दोन्ही वेळा 6 जानेवारी घेतली. 1832 साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं, म्हणून आपल्याकडे हा पत्रकार दिन. बाळशास्त्री तेव्हा जेमतेम विशीचे होते, म्हणजे क्लबच्या पोरांच्याच वयाचे. आणि 'दर्पण'मध्ये एका स्तंभात मराठी, शेजारी इंग्रजी असा मजकूर असायचा. पाहुण्या मुलांना हे सांगितलं की "सर, मराठीत बोललं तर चालेल का?" हा प्रश्न बंद होतो.

आता आखणी. बहुतेक क्लब सकाळपासून सुरुवात करतात: उद्घाटन, दीपप्रज्वलन, मान्यवरांचे मनोगत. तिथेच बारा वाजतात, अक्षरशः. आम्ही मागच्या वेळी उलटं केलं. तालुक्याहून येणाऱ्या गटाची परतीची एसटी सव्वाचारला होती. ती चुकली तर पुढची दोन तासांनी, आणि मग मुलींच्या घरून फोनवर फोन. म्हणून चार वाजता सगळे स्टँडवर, साडेतीनला कार्यक्रम संपला पाहिजे, हे फळ्यावर आधी लिहिलं आणि तिथून मागे मोजत आलो.

पाहुणे 60, तीन कॉलेजांतून. पाच-पाच जणांचे 12 गट. प्रत्येक गटाने दिवसअखेर दोन मिनिटांचा एक ऑडिओ तुकडा बनवायचा. दोनच मिनिटं का? 12 गट गुणिले दोन म्हणजे 24 मिनिटं ऐकायला, आणि प्रत्येकावर दोन मिनिटं बोलायला. झाली 48. म्हणून ऐकण्याचं सत्र दोन चाळीस ते साडेतीन. त्याआधी सव्वा ते दोन चाळीस रेकॉर्डिंग आणि एडिटिंग. त्याआधी जेवण. आणि सकाळी दहापासून चार स्टेशन, प्रत्येकी 35 मिनिटं, मध्ये पाच मिनिटं हलायला. पाच मिनिटांत 60 जण हलतात, पण चारही खोल्या एकाच मजल्यावर असतील तरच. उद्घाटन? प्राचार्यांना विनंती केली, त्यांनी नावनोंदणीच्या रांगेशेजारी उभं राहून तीन मिनिटांत शुभेच्छा दिल्या. मला वाटतं त्यांनाही बरंच वाटलं.

शेवटचा तुकडा ऑडिओच, यावर मी अडून बसलो होतो. क्लबला रील हवं होतं. मग मी गणित मांडलं. साध्या फोनवर 1080पी व्हिडिओ मिनिटाला 100 एमबीच्या आसपास जातो. प्रत्येक गटाने दहा मिनिटं शूट केलं तरी 12 जीबी, आणि हे सगळं गोळा करायचं कॉलेजच्या वायफायवर, जे 60 फोन एकदम जोडले की मान टाकतं. ऑडिओ वेव्ह फाइलमध्ये, मोनो, 48 किलोहर्ट्झ, 16 बिट घेतला तर मिनिटाला सहा एमबीसुद्धा होत नाही. प्रत्येक गटाचं पंधरा मिनिटांचं रेकॉर्डिंग धरून बाराही गट मिळून एक जीबीच्या आसपास. ओटीजी पेनड्राइव्ह फिरवला की काम संपलं, नेट लागतच नाही. व्हॉट्सअ‍ॅपने पाठवायचं झालंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते. व्हॉइस नोट म्हणून रेकॉर्ड केलेलं एडिटिंगला घेऊ नका, त्यात आवाज आधीच दाबलेला असतो.

ऑडिओ स्टेशनवर शिकवायच्या गोष्टी खरं तर तीनच. फोन तोंडापासून एक वीत अंतरावर. अंतर दुप्पट केलं की थेट आवाज सुमारे सहा डेसिबलने पडतो, पण खोलीचा घुमारा तेवढाच राहतो, म्हणून लांबून घेतलेलं सगळं विहिरीतून बोलल्यासारखं येतं. दुसरं, पंखा बंद आणि एअरप्लेन मोड चालू, नाहीतर ऐन वाक्यात कुणाच्या तरी मामाचा फोन. तिसरं, बोलणं संपल्यावर अर्धा मिनिट कुणीच न बोलता खोलीचा नुसता आवाज घ्यायचा. एडिट करताना दोन वाक्यांमधली फट भरायला तो लागतो. मुलं याला हसतात, आणि दुपारी तोच तुकडा शोधत बसतात. स्टुडिओ नसेल तर हॉस्टेलवरून गाद्या आणि सतरंज्या मागवा. भिंतीला दोन गाद्या उभ्या टेकवल्या की घुमारा इतका कमी होतो की महागड्या माइकची गरजच वाटत नाही.

एडिटिंगला आम्ही ऑडॅसिटी ठेवलं, फुकट आहे आणि कॉलेजच्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. फक्त आदल्या दिवशी प्रत्येक मशीनवर जाऊन एक फाइल उघडून, कापून, एमपी3 काढून बघा. "इन्स्टॉल आहे" आणि "चालतंय" यात फरक असतो, हे आमच्या धंद्यात रोज अनुभवतो. आमच्या 14 मशीनपैकी तिघांचे हेडफोन जॅक मेलेले निघाले.

फॅक्ट चेकच्या स्टेशनवर क्लबने एक आगाऊपणा केला. सकाळी पाहुण्यांच्या ग्रुपवर मेसेज टाकला: "जेवणाची वेळ बदलली, जेवण साडेअकराला, मेस क्रमांक दोन." कॉलेजला मेस एकच आहे. कल्पना अशी, की मुलांनी मूळ वेळापत्रकाशी ताडून बघावं, कुणी पाठवलं ते विचारावं. झालं काय, की एका कॉलेजचे सर खरंच साडेअकराला मेसच्या दारात जाऊन उभे राहिले. माफी मागितली, चहा दिला, ते हसले. त्यानंतर मात्र त्या स्टेशनवर जे शिकवलं ते कुणी विसरलं नाही: आधी पाठवणारा कोण, मग दुसरीकडे ताडा, फोटो असेल तर गूगल लेन्सवर टाकून तो सगळ्यात आधी कुठे आणि कधी दिसला ते बघा. पूर आला की दरवर्षी तेच जुने फोटो फिरतात ना, ते मुलांनी पाच मिनिटांत पकडले.

आता ते पहिल्या वेळचं.

तेव्हा मुलाखतीच्या सरावासाठी मी एक प्रश्न लिहिला होता: "घरी न सांगितलेली एक गोष्ट." मला वाटलं, काय भारी प्रश्न! अकरावीतली एक मुलगी बोलायला लागली. घरी सायन्सच्या पुढचं ठरलंय, तिला हॉटेल मॅनेजमेंटला जायचंय, आणि तिने प्रवेशाची माहिती गुपचूप मागवलीय. इतकं मनापासून बोलली की ऐकणारे गप्प झाले. आमच्यातल्या एकाने त्यातली 18 सेकंदं क्लबच्या इन्स्टा स्टोरीवर टाकली, 'बेस्ट मोमेंट' म्हणून. तीन तासांनी लक्षात आलं तेव्हा डिलीट केली. पण तोवर तिच्या चुलतभावाने पाहिली होती, आणि स्क्रीन रेकॉर्ड करून घरच्या ग्रुपवर टाकली होती. दुसऱ्या दिवशी तिच्या मॅडमचा फोन आला. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की तिचा फोन घरी काढून घेतलाय आणि ती आज कॉलेजला आली नाही. पुढच्या वर्षी त्या कॉलेजने मुलं पाठवली नाहीत. स्टोरी टाकणाऱ्याला आम्ही खूप बोललो, पण प्रश्न माझा होता. पुढे तिचं काय झालं ते मला विचारायची हिंमत झाली नाही.

म्हणून मागच्या जानेवारीत मदतीला जाताना मी एकच अट घातली: परवानगीचं काम मी बघणार. अकरावी-बारावीची बहुतेक मुलं 18 च्या आतली. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 च्या आतल्याला बालकच धरलंय, आणि त्याची माहिती वापरायची तर पालकांची संमती लागते. कायदा बाजूला ठेवला तरी रीत तीच. आम्ही एक पानी मराठी पत्रक पंधरा दिवस आधी शिक्षकांकडे पाठवलं. त्यात तीन वेगळ्या चौकटी होत्या: रेकॉर्ड करायला हो का, ठेवायला हो का, बाहेर टाकायला हो का. एकाच "मी सहमत आहे"मध्ये तिन्ही कोंबू नका, कारण लोक पहिल्याला हो म्हणतात आणि तिसऱ्याला नाही.

शिवाय ज्याला नको त्याच्या आयकार्डवर लाल ठिपका. पालकांचा होकार असला तरी मुलगा किंवा मुलगी स्वतः येऊन ठिपका मागू शकते, कारण न विचारता. त्या दिवशी काहीही अपलोड नाही, क्लबच्या अकाउंटचा पासवर्ड माझ्याकडे. प्रश्न फक्त बाहेरच्या गोष्टींवर: कॅम्पसवरचा चहावाला, बस, अभ्यासिका. बाहेर टाकायचा प्रत्येक तुकडा त्या गटाने पूर्ण ऐकल्यावर पुन्हा एकदा विचारायचं. बाकीचं 30 दिवसांनी डिलीट, आणि डिलीट झाल्याचं त्या कॉलेजला कळवायचं.

क्लबची सेक्रेटरी वैतागली होती. "दादा, मग दाखवायला राहणार काय?" 60 पैकी 11 जणांनी ठिपका घेतला. 12 पैकी सात तुकडे बाहेर टाकता आले. तिला कमी वाटले, मला चालले.

ठिपका घेतलेल्यांतला एक मुलगा दिवसभर बोललाच नाही. दुपारी त्याच्या गटाने त्याला रेकॉर्डर धरायला दिला. त्याने कॅन्टीनमागे जाऊन चहा उकळताना, कप आपटताना, गॅस बंद होताना असं सगळं जवळून घेतलं. दोन मिनिटांच्या त्या तुकड्यात चहावाल्या काकांची चार वाक्यं आहेत आणि बाकी नुसता चहा. ऐकण्याच्या सत्रात तो सगळ्यात शेवटी लागला, आणि तीन वाजून पंचवीस मिनिटांनी मी पळत जाऊन गेटवर सांगितलं की स्टँडकडे जाणाऱ्या रिक्षा थांबवून ठेवा, कारण पोरं तो परत लावा म्हणत होती.